हॅडन फॉल्सची नोरा

नोराकडे चहाला गेलं की चहा लगेच मिळायचा नाही. आधी शहर मांडलं जायचं. टेबलाच्या मधोमध किटली, ती गिरणी. किटलीशेजारी सुरी आडवी ठेवायची, तो कालवा. साखरेचं भांडं म्हणजे आयरिश लोकांचं चर्च, दुधाचं भांडं फ्रेंच बोलणाऱ्यांचं आणि मिठाची बाटली पोलंडवाल्यांचं. बिस्किटं दोन रांगांत लावली की झाल्या कामगारांच्या चाळी. एकदा बोलण्याच्या नादात मी एक बिस्कीट उचलून तोंडात टाकलं, तर म्हणाली, "सुमन, माझं घर खाल्लंस तू."

ते शहर अमेरिकेतलं. नाव हॅडन फॉल्स. नकाशात शोधायला गेलं तर बोटाखाली झाकलं जातं, एवढं लहान. नोरा मूळची इथलीच, आयर्लंडमधली, स्लायगो शहराजवळच्या एका खेड्यातली. अठराव्या वर्षी बोटीनं तिकडे गेली, ब्लँकेटच्या गिरणीत मागावर लागली, तिथंच लग्न केलं, तिथंच नवऱ्याला पुरलं. मूलबाळ नव्हतं. ऐंशीच्या घरात आल्यावर तिच्या भाच्यानं, शेमसनं, तिला परत आणलं. सगळ्यांना वाटलं, म्हातारी घरी आली. इथं अमेरिकेहून परतलेल्या माणसाला मरेपर्यंत 'यँक' म्हणतात. दुकानात, चर्चमध्ये, सगळीकडे ती 'यँक'. ती म्हणायची, "तिकडे जन्मभर मला आयरिश म्हणाले, इकडे आले तर यँक. वर गेल्यावर देव विचारेल, बाई, तू नक्की कुठली? तर सांगेन, हॅडन फॉल्सची."

मी इचलकरंजीची. शाळा चौथीपर्यंत. नवरा मागावर आणि मी घरी कांड्या भरायची. तो गेल्यावर मुलानं मला इकडे आणलं. तो इथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. सून कामाला, नात शाळेला, मी दिवसभर खिडकीत. नोरा दोन घरं सोडून एकटी राहायची, शेमसचं घर तिथून जवळच. पहिल्यांदा भेटली तेव्हा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढत नेत होती. मी एका बाजूनं हात लावला. तिनं विचारलं, नवरा काय करायचा? मला 'माग'ला इंग्रजी शब्द येईना. मी दोन्ही हातांनी धोटा इकडून तिकडे गेल्यासारखं केलं आणि तोंडानं खटाक खटाक आवाज काढला. तिनं डबा रस्त्याच्या मधेच सोडला, माझं मनगट धरलं आणि मला सरळ तिच्या स्वयंपाकघरात नेलं. त्या दिवशी पहिल्यांदा शहर मांडलं गेलं.

माझं इंग्रजी तेव्हा तोडकंमोडकं होतं, पण तिच्याशी अडलं नाही. मागांच्या आवाजानं तिचे कान गेले होते. कानातलं यंत्र होतं, ते ती ड्रॉवरमध्ये ठेवायची. गिरणीतल्या बायका ओठ बघून बोलणं ओळखायच्या, तशी ती माझे ओठ बघायची. आमच्याकडेही तेच. मागांच्या शेडमध्ये कोण कोणाच्या सुनेबद्दल काय बोललं, ते मी या टोकाहून त्या टोकाला ओळखायची. फरक एवढाच, की मला ओठ मराठीतलेच वाचता येतात.

तिच्या शहराचा इतिहास ती भांडण सांगावं तसा सांगायची. आधी तिथं नदी होती आणि धबधबा. मग बॉस्टनकडचे पैसेवाले आले, त्यांनी गिरणी काढली. कालवा खणायला आयरिश लोक आणले. "फावड्यानं खणला, सुमन. कालव्याच्या काठाला खणताना मेलेल्यांची थडगी नाहीत, मालकाचा पुतळा मात्र आहे." आयरिश जरा पगार मागायला लागले तेव्हा कॅनडातून फ्रेंच बोलणारे आणले. ते मागायला लागले तेव्हा पोलंडचे. एक मोठा संप झाला, तिच्या सासूच्या तरुणपणी. बायकांनी कालव्याच्या पुलावर बसून मालकाची गाडी अडवली होती. ती गोष्ट सांगताना नोरा सुरीवर चमचा आडवा ठेवायची आणि म्हणायची, "हा पूल." पुढे मालकांना दक्षिणेत स्वस्त मजूर मिळाले. माग तिकडे गेले आणि गिरणीत कबुतरं राहायला आली. मग चाळींमध्ये कंबोडियाचे लोक आले, नंतर आणखी कुठले कुठले.

"प्रत्येक नवा आला की आधीचे म्हणायचे, शहर बिघडलं," ती सांगायची. "मी गेले तेव्हा माझ्यामुळेही बिघडलं होतं."

मी तिला म्हटलं, इचलकरंजीतही हेच, बाहेरचे आले की हेच बोलतात. तर म्हणाली, "म्हणजे तुझंही शहर चांगलंच असणार."

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. मला वाटलं होतं, गोऱ्यांच्या देशात आग्रह नसतो. तसं नाही. इथं आपल्यासारखंच आहे. शेमसच्या बायकोनं केक पुढे केला आणि तुम्ही लगेच घेतलात तर तुम्ही हावरट. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ती बशीच हातात देते, तेव्हा "बरं, एवढासा" म्हणून मोठा तुकडा घ्यायचा. मी पहिल्याच दिवशी पास झाले. नोरा ते बघून हसली आणि तिनं तिच्या अमेरिकेतल्या पहिल्या आठवड्याची गोष्ट सांगितली. मुकादमाच्या बायकोनं तिला ॲपल पाय, म्हणजे सफरचंद भरलेला केकसारखा पदार्थ, हवा का विचारलं. ही सकाळपासून उपाशी, पण आईनं शिकवलं तसं म्हणाली, "नको, नको." बाई "बरं" म्हणाली आणि बशी उचलून आत घेऊन गेली. "मी दाराकडे बघत बसले, आता येईल, मग येईल. बशी काही परत आली नाही. लक्षात ठेव सुमन, अमेरिकन माणूस एकदाच विचारतो. तुझं नको त्याला नकोच वाटतं. खोटं बोलल्याचं पाप तुझंच."

हे मला शिकवणारी तीच.

गेल्या वसंतात एक दिवस दुपारी मी तिच्याकडे होते. फोन आला. ऐकू यावं म्हणून ती फोन नेहमी मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवायची, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. फोन कॅरलचा होता. कॅरल हॅडन फॉल्समध्ये जुन्या वस्तू आणि जुन्या इमारती सांभाळणाऱ्या मंडळींची प्रमुख. नोराचं तिच्याशी कायम बोलणं चालायचं; कुठल्या मजल्यावर कुठले माग होते, हे कॅरल तिलाच विचारायची. आता गिरणी दुरुस्त झाली होती. तिथं संग्रहालय होणार होतं. एक जुना माग पुन्हा चालता केला होता, आणि उद्घाटनाला तो नोरानं सुरू करावा असं सगळ्यांचं म्हणणं होतं. त्या मागांवर काम केलेल्या बायकांपैकी तीच उरली होती. विमानाचं तिकीट ते काढणार होते. विमानतळावर चाकाची खुर्ची, मुक्काम कॅरलच्या घरी.

नोराचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता आनंदानं ओरडते. पण ती म्हणाली, "अगं कॅरल, माझ्यासारख्या म्हातारीला कशाला ओढता? नको, नको. कोणीतरी तरुण बघा."

मग कॅरल म्हणाली, "खरंय नोरा, एवढा प्रवास. मी समजू शकते. तुझी फार आठवण येईल आम्हाला." आणखी दोन गोड वाक्यं झाली आणि फोन बंद.

नोरा फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत करेल ती."

"नाही करणार," मी म्हटलं. "तू नको म्हणालीस."

"मी नुसतंच म्हणाले!"

"ते तिला कसं कळणार? तूच मला सांगितलंस ना, एकदाच विचारतात म्हणून?"

सहा वर्षं इथं राहून, शेमसच्या घरी इथल्या बायकांत केक खात, तिच्या तोंडात तिच्या आईचं बोलणं परत आलं होतं. ते आलेलं तिचं तिलाही कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "फोन लाव. सांग, विचार बदलला, येते."

"आता? आता सांगितलं तर काय म्हणतील? म्हातारी मानासाठी हपापलीय."

"म्हणू देत की. माग तर चालवशील."

"तुला नाही कळायचं, सुमन."

मला चांगलं कळत होतं. आमच्या घरी पोटभर जेवलेली माणसं कमी आणि नको म्हणून उठलेली जास्त. मी फोन तिच्याकडे सरकवला. तिनं तो उचलून खिडकीत ठेवला आणि विषय बदलला.

संध्याकाळी शेमसला कळलं तेव्हा तो म्हणाला, "बरोबर केलंस, आत्या. या वयात कुठं? इथं छान चाललंय तुझं." शेमस मनानं चांगला आहे. आत्याला जायचं असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या दृष्टीनं ती घरी परत आलेली होती. घरी आलेल्या माणसाला आणखी कुठं जायचं असतं? नोरा त्याला म्हणाली, "हो, ग्रँड." इथं सगळ्याला ग्रँड म्हणतात, हाड मोडलं तरी ग्रँड.

ती वाट बघत राहिली. फोन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बरोबर न्यायला लागली. ड्रॉवरमधलं यंत्र कानात आलं. एकदा गेले तर वरच्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, तिचा चांगला निळा कोट काढून दाराला टांगलेला. मी विचारलं, कुठं निघालीस? म्हणाली, "वारा लावतेय." कॅरलचा फोन दोनदा आलाही. एकदा विचारलं, मागाजवळची पेटी कुठल्या बाजूला असायची. एकदा विचारलं, दिवे कसले होते. नोरानं दोन्ही वेळा नीट सांगितलं आणि प्रत्येक वेळी शेवटी थोडी थांबली. कॅरलनं आभार मानले आणि फोन ठेवला. मी तिथंच होते. मी हातानं खुणा केल्या, बोल, बोल. नोरानं माझ्याकडे पाठ केली.

उद्घाटनाची चित्रफीत त्यांनी पाठवली. शेमसच्या घरी मोठ्या टीव्हीवर ती लावली. शेमस, त्याची बायको, मी आणि नोरा. नोरानं तो निळा कोट घातला होता, घरात. किटली आणि बिस्किटांचं शहर मी इतक्यांदा पाहिलं होतं, पण खरी गिरणी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. लाल विटांची, लांबच लांब, खिडक्याच खिडक्या. नोरा मधे मधे सांगत होती, "ही माझी खिडकी. नाही, ती. डावीकडची." मेयर बोलला, म्हणाला, गिरणी म्हणजे एक सुखी कुटुंब होतं. "सुखी!" नोरा म्हणाली. "दोन बोटं गेली माझ्या नणंदेची त्या कुटुंबात."

मग एका कॉलेजातल्या मुलीनं माग सुरू केला. आवाज सुरू झाला आणि नोरानं कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं. तिला तो आवाज यंत्रातून ऐकायचा नव्हता. तिचा पाय गालिच्यावर हलत होता.

पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर निळी रिबीन. शेजारी कॅरल. मागाच्या आवाजात कॅरल शेजारच्या माणसाकडे वळून काहीतरी बोलली. ऐकू येण्यासारखं नव्हतंच. शेमस चहा ओतत होता. पण नोरा पुढे वाकली आणि म्हणाली, "मागे घ्या."

शेमसनं मागे घेतलं. तिनं पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "बस. बंद करा आता."

घरी परतताना मी तिला विचारलं, काय म्हणाली ती?

"म्हणाली, मी तिला पुन्हा विचारायला हवं होतं का?"

"मग शेजारचा काय म्हणाला?"

"म्हणाला, नाही, ती नको म्हणाली होती ना." थोडं चालून म्हणाली, "सभ्य माणसं आहेत ती, सुमन. सगळीच सभ्य."

त्यानंतर शहर मांडणं बंद झालं असं नाही. मांडायची. पण कोणी विचारलं तरच. आणि संपाच्या गोष्टीपाशी आली की चहा ओतायला लागायची.

थंडीत ती गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. इथल्या रीतीप्रमाणे शेमसनं तिला बैठकीच्या खोलीत उघड्या पेटीत ठेवलं, आणि लोक येऊन तिच्याजवळ बसले, सँडविच खाऊन चहा प्यायले, हसलेही. जो तो एकच बोलत होता, "शेवटी घरी आली, बरं झालं. आपल्या माणसांत गेली." पाद्रीही तेच बोलला. मी कोपऱ्यात बसून ऐकलं. माणूस अठरा वर्षं एका ठिकाणी राहिलं आणि साठहून जास्त वर्षं दुसऱ्या ठिकाणी, तर घर कुठलं, हे हिशेबानं कळायला हवं. पण मेलेल्या माणसाच्या खोलीत वाद घालू नये, एवढं मलाही कळतं. शेमसच्या बायकोनं केक पुढे केला. मी पहिल्या विचारण्यालाच घेतला. तिनं चमकून बघितलं.

मागच्या महिन्यात रविवारी जेवताना मुलगा म्हणाला, "आई, या वर्षी इचलकरंजीला जाऊन यायचं का तुला?" सून वाढत होती. माझ्या तोंडात आलंच होतं, नको रे, एवढा खर्च, तुझी रजा, माझे गुडघे, तिकडे आता आहे कोण.

मी म्हटलं, "हो. कधीचं तिकीट काढतोस?"

त्याचा घास हातात राहिला. त्यानं बायकोकडे बघितलं, बायकोनं त्याच्याकडे. तेव्हा मला कळलं, की त्यानंही विचारायचं म्हणूनच विचारलं होतं. असू दे. तिकीट काढलंय त्यानं.