कुंकू कुठं लावू?

चकचकीत इंजिनावर माझा भरोसा नाही. आमचे हे पीथमपुरात कारखान्यात फिटर होते, शिफ्टच्या बसनं जायचे. एकदा नवं इंजिन आलं. वरून गुळगुळीत, बोल्ट पार आत. सुपरवायझर म्हणाला, "डाल दो भिया हाथ, ठंडा है." वरून ठंडंच होतं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, परत कामाला आला नाही. मग मी लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. पोरं वाढली.

तेव्हापासून खंडेनवमीला आमच्याकडे कुठल्याही मशीनला कुंकू लावायचं ते जिथून हात आत जातो तिथंच. आमचे हे तसं सांगून गेले.

आता देवासला नात माझ्यापाशी राहते. तिला इंजिनाचे नकाशे काढायला शिकवणाऱ्या कॉलेजात जायचंय. त्यांनी चित्र मागवलं. ताऱ्यांकडे जाणारं जहाज मनानं रचायचं, त्याचं इंजिन खऱ्या जहाजाशी अन् विमानाशी ताडून दाखवायचं. पसंत पडलं तरच बोलावणं.

तिनं दाखवलं. निळं, गुळगुळीत. मला तिथंच शंका आली.

"तापल्यावर काय करतं गं हे?"

"जहाजाला समुद्राचं पाणी थंड करतं आजी, विमानाला हवा."

"अन् ह्याला?"

"तिथे वर खूप थंडी असते."

"हवा असते?"

"नाही."

"मग थर्मास झाला की! त्याच्या दोन भिंतींमधे हवा नसते म्हणून चहा गरम राहतो, आजोबा सांगायचे. उष्णता बाहेर नेणार कोण?"

तिनं कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "तू तर भंगारवाल्यासारखी खोट काढतेस."

"बरं, खंडेनवमीला ह्याला कुंकू कुठं लावू?"

आधी हसली. मग मोबाईलवर खऱ्या इंजिनांचे फोटो शोधून बघत बसली. विमानाच्या इंजिनाचं झाकण कपाटासारखं उघडं, माणसं आत हात घालून उभी. जहाजाच्या इंजिनाला तर भोवती जिने.

"हे आपोआप दुरुस्त होतं, आजी," ती हळूच म्हणाली.

"सुपरवायझरसारखं नको बोलूस."

तिनं रबर घेतलं. गुळगुळीत बाजू खोडून बाहेरून मोठे पत्रे रेखाटले, उष्णता उन्हासारखी किरणांनी फेकायला. मग एक दार. मापाला माझा हात कागदावर ठेवायला लागली.

"माझा नको. आजोबांचा रुंद होता. अन् आत किती तापलंय ते दाराबाहेर दिसू दे."

तिनं दाराशेजारी तापमान दाखवणारा काटा रेखाटला.

बोलावणं आलंय. परवा इंदूरला जायचं. मी पण जाणार. कॉलेजची इमारत फोटोत फार चकचकीत दिसते. आतून बघून घेते.