बायकोचं बेटांवरचं विद्यापीठ

माझी बायको सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला निघाली, तेव्हा सोसायटीत सगळ्यांनी आधी "कॅनडा का?" असंच विचारलं. मी "ग्रीस" म्हटलं की समोरचा जरा थांबायचा. शेजारच्या गुजराती मासींनी तर सरळ विचारलं, "उधर पढाई भी होती है?"

बायको मीरा रोडच्या एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. लहानपणी ती गिरगावातून भाईंदरला राहायला आली आणि तिला इथली मिठागरं आवडायला लागली. लग्न झाल्यावरही रविवारी सकाळी ती मला तिथे घेऊन जायची. चपला हातात धरून बांधावरून चालायची, मी मागून सांभाळून. त्यातून तिला ग्रीसच्या एका बेटावरचा हा अभ्यासक्रम सापडला, समुद्रकाठच्या पाणथळ जागांचा. त्या बेटावरही एक मोठी खाडी, खाडीकाठी मिठागर आणि मिठागरात फ्लेमिंगो. शिष्यवृत्ती मिळाली, कॉलेजने बिनपगारी रजा दिली. मुलगी बंगळुरूला नोकरीला होती. भाईंदरमधल्या गोडदेवच्या घरात मी आणि माझी आई, एवढेच उरणार होतो.

आईला आधी सगळं नीट समजून घ्यायचं होतं.

"कॉलेज कुठल्या गावात हाय?" तिने सुनेला विचारलं. आई मूळची रेवसजवळची, मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावरची. मुंबईत जन्म गेला तरी तिचं बोलणं तिकडचंच राहिलं.

"एका गावात नाही, आई. सरकारी विद्यापीठ आहे, पण पसरलंय सहा बेटांवर."

"म्हंजे?"

"म्हणजे ऑफिस एका बेटावर, गणित दुसऱ्या बेटावर, जहाजांच्या धंद्याचं शिक्षण तिसऱ्यावर. माझा भूगोल ऑफिसच्याच बेटावर आहे. लेस्वोस नाव त्याचं."

"असं का केलं पण?"

"बेटांवरची मुलं शिकायला शहरात जायची, ती परत यायचीच नाहीत. म्हणून सरकारनं विद्यापीठच बेटांवर नेलं."

आईने भाजीची जुडी पुढ्यात ओढली. तिच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. तिचे दोघे भाऊ पुढच्या शाळेसाठी लाँचने मुंबईला गेले आणि मुंबईचेच झाले. ती गावात राहिली ती लग्न होईपर्यंत.

"आमच्याकडं कुणाच्या डोक्यात न्हाय आलं हे," ती म्हणाली, आणि भाजी निवडायला लागली. सुनेला तिची परवानगी मिळाली ती अशी.

सप्टेंबरात बायको गेली. अथेन्सच्या बंदरातून रात्रीच्या बोटीत बसल्याचा मेसेज आला. सकाळी मी आईला चहा देत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, मी पोचले. पण चुकीच्या बेटावर."

झालं होतं असं की बोट लेस्वोसच्या आधी हिओस नावाच्या बेटावर थांबली. पहाटेची वेळ, ही अर्धवट झोपेत. खूप तरुण मुलं बॅगा घेऊन उतरत होती. तिने एकाला विद्यापीठाचं नाव घेऊन विचारलं, "इथेच ना?" तो म्हणाला, "हो, इथेच." खोटं बोलला नाही तो. विद्यापीठ तिथेही होतंच. ही उतरली, आणि बोट पुढे निघून गेल्यावर हिला धक्क्यावरची पाटी दिसली.

"आता काय करतेयस?" मी घाबरून विचारलं.

"इथल्या विद्यापीठाच्या इमारतीच्या पायरीवर बसलेय. वॉचमनने बिस्किटं दिली."

मला दिवसभर ऑफिसात काही सुधरलं नाही. संध्याकाळी पुन्हा फोन आला तेव्हा ती हसत होती. तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी हिला कॉफी पाजली, लेस्वोसला फोन करून "तुमची विद्यार्थिनी आमच्याकडे आलीय" असं कळवलं आणि पुढची बोट संध्याकाळी आहे म्हणून हिला चक्क एका वर्गात नेऊन बसवलं.

"कसला वर्ग?"

"जहाजांचा. मालवाहू जहाजाचं भाडं कसं ठरतं ते शिकले आज."

आईला हे सगळं फार आवडलं. पुढे कित्येक दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की आमच्या सूनबाईने पहिल्याच दिवशी एक जास्तीचा विषय केला.

इकडे मी स्वयंपाक शिकलो. आई ओट्याजवळ खुर्ची टाकून बसायची आणि मला कालवणात चिंच कधी घालायची ते सांगायची. संध्याकाळी फोन व्हायचा. त्यात महिन्याभरात मी मागे पडलो, कारण सासू-सुनेला वाऱ्याचा विषय सापडला. तिथे वारा वाढला की बोटी बंद. एक प्राध्यापक दुसऱ्या बेटावरून शिकवायला यायचे. वारा असला की तास नाही.

"आज सर आले नाहीत, आई. वारा सुटलाय."

"कुठला? उत्तरेचा?"

"हो."

"मग दोन-तीन दिवस न्हाय यायचे. पुस्तक काढून बस तू."

पण जानेवारीत एकदा बायकोचा आवाज वेगळा आला. भुरभुर पाऊस, थंडी, खोलीत ओल, वर्गातली मुलं आपल्या मुलीच्या वयाची. त्यात एका पेपरात ती नापास झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

"मी परत येतेय," ती म्हणाली. "बास झालं."

 खरं सांगायचं तर मला ती यायलाच हवी होती. घरात तिच्याशिवाय करमत नव्हतं. मी म्हणणारच होतो की ये, पण आईने हात पुढे करून फोन घेतला.

"ये की. घर तुझंच हाय," आई म्हणाली. "ते मिठागर बघितलंस का?"

"अजून नाही. आता बंद आहे. उन्हाळ्यात मीठ काढतात."

"ज्यासाठी गेलीस ते न बघता येतेस? बघ नि मग ये."

 मग बायको एकदम हसली, आणि हसता हसता रडली.

ती राहिली. तो पेपर पुन्हा दिला आणि पास झाली. वसंत आला तसे तिचे फोटो यायला लागले. उथळ पाण्यात उभे गुलाबी पक्षी, मग उन्हाळ्यात मिठाचा घराएवढा ढीग आणि त्याच्यापुढे टोपी घातलेली, रापलेली माझी बायको. आईने तो फोटो मला दुकानातून मोठा करून आणायला लावला.

पुढच्या वर्षी तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा ठरली, आणि त्याच आठवड्यात वारा सुटला. परीक्षक दोन बेटांवर अडकले. विद्यापीठाला त्याची सवयच. परीक्षा स्क्रीनवर घेतली. कुणीही ऐकायला बसू शकतं म्हणाले, म्हणून आम्हीही भाईंदरहून बसलो. आईने ठेवणीतली साडी नेसली. बायकोने इंग्रजीत भाईंदरची आणि लेस्वोसची मिठागरं शेजारी शेजारी ठेवून सगळं मांडलं. मग एक वयस्कर परीक्षक प्रश्न विचारू लागले. त्यांचा एक प्रश्न इतका लांबला की संपेचना.

"हा माणूस किती बोलतोय!" आई मोठ्याने म्हणाली. "तिला पाणी तरी पिऊ द्या."

आमचा माईक चालू होता. मी धावत बंद केला, पण उशीर झाला होता. परीक्षक थांबले. त्यांनी विचारलं, त्या बाई काय म्हणाल्या? बायको लाल झाली, पण तिने जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं.  मग ते गृहस्थ खो खो हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पाणी प्या." ती पाणी प्यायली आणि तिने उत्तर दिलं. तासाभराने निकाल लागला, उत्तम.

ती आली त्याला आता वर्ष होत आलंय. कॉलेजात रुजू झालीय. रविवारी मुलांना मिठागरांवर नेते, आणि महिन्यातून एकदा आमच्या जेवणाच्या टेबलावरून तिकडच्या विद्यार्थ्यांना भाईंदरबद्दल शिकवते. मी कालवण अजूनही करतो. ते माझ्याकडेच राहिलंय.

पदवीदान समारंभ मेमध्ये आहे. बायको म्हणाली, पदवी पोस्टानेही येते. आई म्हणाली, "पोस्टाने कशाला? मला बघायचंय ते कॉलेज. माझा पासपोर्ट काढा."

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पहिलाच पासपोर्ट. चौकशीला पोलीस स्टेशनचा एक हवालदार घरी आला. सज्जन माणूस, चहा घेतला त्याने. कागद बघत म्हणाला, "काय आजी, कुठे दौरा?"

"युनिव्हर्सिटीत," आई म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

पासपोर्ट मागच्या आठवड्यात आला. आईने फोटो निरखून बघितला, बरा आलाय म्हणाली, आणि बायकोला विचारत बसली की बोटीत वरच्या मजल्यावर बसू देतात का, आणि मेमध्ये वारा कुठून असतो.