पाणी घातलं आणि व्हिस्की गढुळली

आमची पलटण तेव्हा उत्तरेला, साडेबारा हजार फुटांवर होती. मी हवालदार, ऑफिसर्स मेस माझ्या ताब्यात. गावी, रहिमतपूरला, रजेवर आलो तरी दुधाचा वास घेतल्याशिवाय मी दूधवाल्याला सोडत नसे, मग मेसमध्ये तर विचारायलाच नको. सील, लेबल, बाटलीतली पातळी, सगळं रोज बघायचो. लोक मला संशयी म्हणत. मला त्यात कमीपणा वाटत नव्हता.

मेजर साहेबांनी रजेवर जाताना एक सिंगल माल्ट स्कॉच मेसला दिली. एकदाच उघडलेली. रेझिंग डेच्या, म्हणजे पलटणीच्या स्थापना दिवसाच्या, पाहुण्यांसाठी ती राखून ठेवायची होती. कपाटाच्या चाव्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी मेस वेटर लान्स नायक विलासकडे. विलास आष्ट्याचा, माळकरी घरातला. स्वतः थेंबही घेत नसे.

रेझिंग डेच्या दोन दिवस आधी, सकाळी अकरा वाजता, मी बाटली तपासायला घेतली. आधी पाणी न घालता चाखली. तिखट होती, पण ठीक वाटली. मग बर्फाचं वितळलेलं पाणी घातलं आणि पेला पांढरट झाला, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा. आमच्या रमचं असं कधी झालं नव्हतं. भेसळ, दुसरं काय? मी विलासला बोलावलं.

"साहेब, मी झाकणाला हातबी लावला न्हाई."

"मग दुसरी चावी कुणाकडं हाय?"

तो खाली मान घालून उभा राहिला. मी ती कबुली समजलो. रिपोर्ट केला असता तर त्याची नोकरी गेली असती, म्हणून मी माझ्या मते मोठं मन दाखवलं. बाटली बाहेर ओतून दिली, फुटली म्हणून सांगितलं आणि विलासला त्याच दिवशी मेसमधून काढून गस्त घालणाऱ्या कंपनीत पाठवलं. चौकशी झाली असती तर कुणीतरी जाणकार भेटला असता. ती वाट मीच बंद केली.

नवव्या दिवशी त्याची पार्टी सकाळी सातला गस्तीवर निघाली. ९.४० ला मी रेशनचा मेसेज द्यायला सिग्नल बंकरमध्ये होतो. वायरलेस सेट खरखरला.

"स्नो स्लाइड. वन मॅन मिसिंग. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर," ऑपरेटर म्हणाला.

नाव विलासचं होतं. दुपारी सव्वादोनला तो बर्फाखाली सापडला. जीव नव्हता.

पार्थिव घेऊन आष्ट्याला मीच आलो. त्याच्या चुलतभावानं विचारलं, मेसचा माणूस गस्तीवर कसा? मी दमलो होतो. बाटलीची भानगड होती, एवढंच बोलून गेलो. ते वाक्य गावात राहिलं, विलासनं दारू चोरली असाच त्याचा अर्थ झाला. विलासचे वडील, आण्णा, पारावर बसायचे बंद झाले. दर वर्षी तो गेला त्या तारखेला मी जायचो. आण्णा चहा द्यायचे, विचारायचे काही नाहीत. मला वाटायचं, त्यांनाही पटलं असणार.

यंदा मेजर साहेबांनी मला साताऱ्याच्या घरी जेवायला बोलावलं. ते आता रिटायर्ड कर्नल. टेबलावर तशीच बाटली होती. सवयीनं मी सील बघितलं, ते हसले. आधी नुसतीच चाखायला लावली. गुऱ्हाळात काहिलीतला रस करपल्यावर येतो तसा वास होता. मग त्यांनी फ्रिजमधलं पाणी घातलं. पेला पांढरट झाला.

मी खुर्चीवरून उठलो. साहेब, ही भेसळीची आहे, म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "अरे, ही कडक असते आणि गार करून गाळलेली नसते. पाण्यानं अशीच गढुळते. अस्सल असल्याची खूण आहे ती."

त्यांच्यावरही माझा विश्वास बसेना. पाणी बदलून दोनदा करून बघितलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते उठले आणि बाटली माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आष्ट्यात होतो.

"आण्णा, इलासनं कायबी केलं न्हवतं. चूक माझी हाय."

पाणी घातलं की ती दारू आपोआपच गढुळते, हेही मी सांगितलं. आण्णांची नजर माझ्या पिशवीतल्या बाटलीवर होती. आता हा नवीन काय डाव, असंच त्यांना वाटलं असावं. "दावा," म्हणाले.

ज्या घरात दारूचा वास कधी आला नव्हता, तिथं त्यांनी स्वतः काचेचा ग्लास आणून ठेवला. मी ओतली. माठातलं गार पाणी त्यांनी आपल्या हातानं घातलं. ग्लास गढुळला. ते वाकून बघत राहिले.

"एवढ्यापायी?"

मला रडू आवरलं नाही. मी माफी मागितली. ती त्यांनी दिली नाही.

"मला सांगून काय उपेग? मी त्याला कवा चोर म्हनलो न्हाई. पारावर चला."

त्यांनी टोपी घातली, ग्लास उचलला आणि भर दुपारी गल्लीतून पुढे चालू लागले. पारावर आठ-दहा माणसं बसली होती. मी सावधान उभा राहिलो. विलासचा नंबर, रँक, नाव मोठ्यानं सांगितलं, मग माझी चूक सांगितली. आण्णा एकेकापुढं ग्लास धरत होते आणि प्रत्येकाला तेच म्हणत होते, "बघा. माझ्या पोरानं ह्यात कायबी घातलं न्हवतं."