कपाच्या तळाचा चहा

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात द्रवाचा घट्टपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, मोजायचं एक मशीन आहे. त्यावर निळं मखमली कापड टाकलेलं असतं आणि ते कापड तपासणी समिती आली की तेवढ्यापुरतं निघतं. उभा खांब, खाली लोंबणारी स्टीलची दांडी, वर लाल आकड्यांची पट्टी. दांडी द्रवात बुडवायची, बटण दाबायचं, दांडी फिरायला लागते, आणि द्रव तिला जेवढा अडवेल तेवढा आकडा मोठा. एवढ्याशा कामासाठी त्याला काचेचं कपाट, कुलूप आणि स्वतंत्र रजिस्टर आहे. रजिस्टरचं एकच पान भरलंय, तेही मशीन आलं त्या दिवसाचं.

हे मशीन मी निवडलं, ते आधीच कबूल करून टाकतो. प्राचार्य म्हणाले, ‘‘समिती येणार आहे, काहीतरी दिसायला भारी घ्या.’’ मी कॅटलॉग चाळला आणि ज्या चित्रात जास्त दिवे होते त्यावर बोट ठेवलं. विकणारा माणूस अकोल्याहून आला, आमचा चहा प्यायला आणि म्हणाला, ‘‘सर, हे आलं की लॅबला वजन येते पाहा.’’ कोणते द्रव मोजणार हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि प्राचार्यांना तर त्यात द्रव लागतो हेच माहीत नव्हतं. मशीन आल्यावर कळलं की पाण्यासारख्या पातळ द्रवाला वेगळी दांडी लागते आणि ती आपण मागवलेलीच नाही. आमच्या अभ्यासक्रमात होते ते सगळे द्रव पातळ. मग मखमल आणली.

विद्यार्थी बिचारे अजून काचेच्या वाकड्या नळीतून पाणी सोडून स्टॉपवॉच धरतात. धरतात म्हणजे धरायचं नाटक करतात. आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवलेले असतात, त्या वर्षीचे त्याच्या मागच्या वर्षीच्या जर्नलातून. मी खाली सही करतो. वीस वर्षं हेच चाललं आहे, आणि या वीस वर्षांच्या जोरावर मी स्वतःला या विषयातला जाणकार समजत होतो.

मग बाबांना लकवा झाला.

माझे बाबा म्हणजे बाजार समितीतले जुने मापारी. शेतकऱ्यांचा माल मोजायचा, पण त्याआधी पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून आतला दाणा बाहेर काढून पाहायचा. वरून मूठभर दाणे घेऊन पाहणाऱ्याला ते माणसात धरत नसत. ‘‘वरचा माल त दाखवाले ठेवलेला असते,’’ असं म्हणत आणि नळी पार बुडाशी घालत. त्यामुळे अर्धं गाव त्यांच्यावर खूश आणि अर्धं नाराज. धामणगाव बढ्यात आमच्या घरी त्यांचा दिवस चहावर चालायचा. सकाळी दोन, दुपारी एक, संध्याकाळी दोन, आणि कोणी आलं की त्याच्या नावावर आणखी एक.

लकव्यात उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणं बिघडलं. पाणी प्यायले की ठसका. दवाखान्यात गिळण्याच्या व्यायामाची एक मॅडम होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं समजावून सांगितलं की पातळ द्रव यांच्या घशातून फुफ्फुसात उतरतो, म्हणून पाणी, चहा सगळं पावडर घालून घट्ट करून चमच्यानं द्यायचं. त्या पावडरीचा डबा अकोल्याहून मागवावा लागणार होता. तोवरची सोय म्हणून तिनं दोन पुड्या दिल्या आणि सोबत दहा मिलीची साधी प्लास्टिकची सिरिंज.

‘‘याचा दट्ट्या काढायचा, टोकाला बोट लावायचं, दहापर्यंत चहा भरायचा. बोट काढून दहा सेकंद मोजायचे, पुन्हा बोट लावायचं. चार ते आठच्या मध्ये चहा उरला तर द्या. त्याहून कमी उरला तर पातळ आहे, देऊ नका. आणि सर, पिऊन होईपर्यंत अधूनमधून बघत राहा.’’

मी हसलो. खरंच हसलो, तिच्या तोंडावर. म्हणालो, ‘‘मॅडम, मी व्हिस्कॉसिटी शिकवतो.’’ ती म्हणाली, ‘‘मग तर छानच,’’ आणि पुढच्या पेशंटकडे गेली. सिरिंज मी खिशात घातली आणि घरी येऊन औषधांच्या डब्यात टाकून दिली. इंजेक्शनच्या नळीनं चहा मोजायचा म्हणजे अडाणीपणाची हद्द झाली, असं माझं तेव्हाचं मत.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातली साधनं तपासायला बसलो. काचेच्या वाकड्या नळीत घट्ट चहा सोडला तर तो बारीक छिद्रात अडकला आणि नळी धुताना फुटली. दुसरं एक साधन होतं, उभ्या नळीत पोलादी गोळी सोडायची आणि ती तळाशी जायला किती वेळ लागतो ते पाहायचं. दुधाच्या चहात गोळी दिसतच नाही, हे गोळी टाकल्यावर लक्षात आलं. एम.एस्सी. झालेला माणूस काचेच्या नळीला डोळा लावून चहात हरवलेली गोळी शोधतोय, हे शिपायानं दारातून पाहिलं आणि तो आल्या पावली परत गेला. राहिलं ते मखमलीतलं मशीन. ते मी कोणाला न विचारता गोधडीत गुंडाळलं, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बांधलं आणि घरी नेलं.

मायनं ओट्यावर जागा करून दिली. दांडी कपात फिरायला लागली तसं ती म्हणाली, ‘‘काऊन रे, चहाले करंट देऊन राह्यला काय?’’

‘‘माय, तुले नाही समजत.’’

‘‘नसन समजत बापा. पण थंडा होऊन राह्यला तो.’’

मॅडमच्या पुडीतला चहा करून मी आकडा घेतला. या मशीनची गंमत अशी की दांडीचा वेग बदलला की घट्ट चहाचा आकडाही बदलतो. मी दोन-तीन वेग लावून पाहिले, त्यातला एक आवडला, तो धरला. पुड्या संपल्या, डबा यायला वेळ होता. मग मला हुशारी सुचली. घट्टपणा म्हणजे घट्टपणा, तो कशानं आला याला काय महत्त्व? किराणा दुकानातून कॉर्नफ्लोर आणलं, चहात शिजवलं आणि तोच वेग, तोच आकडा येईपर्यंत कमीजास्त केलं. हुबेहूब जुळलं. डबा मागवायचा मी रद्दच केला. चुलतभाऊ समाचाराला आला तर त्याला मशीन लावून दाखवलं. तो हात जोडून म्हणाला, ‘‘बाबाचं नशीब, पोरगा शिकेल निंगाला.’’ मला ते पटलं.

समाचाराला येणाऱ्यांचं एक वेगळंच. कोणी शेगावहून तीर्थ आणून म्हणे, एक चमचा घाला, काही होत नाही. कोणी म्हणे नारळपाणी. मी सगळ्यांना दारातच थांबवायचो आणि मशीनकडे बोट दाखवून भाषण द्यायचो. घरात अज्ञानी माणसं आत येऊ नयेत यासाठी मी जिवाचं रान करत होतो.

चहा पाजायची माय. कपातून चमचा, तोंडात, पुन्हा कपात, पुन्हा तोंडात. बाबांना एकेक घोट गिळायला वेळ लागे, कप संपायला पाऊण तास. अर्धा कप चांगला जायचा. पुढे घसा घरघरायचा, मग खोकला. आठवडाभरानं माय म्हणाली, ‘‘अरे, हे शेवटी शेवटी पातळ होते.’’

‘‘पातळ कसं होईन? मी मोजूनच देतो ना.’’

‘‘तू मोजतं ते वरी. मी पाजतो ते पाह्य ना खाली.’’

‘‘माय, मशीन खोटं बोलन काय?’’

‘‘ते मशीन नको पाहू. याहिच्या तोंडाकडे पाह्य.’’

मी चिडलो. चहा थंड झाला की उलट घट्ट होतो, पातळ होत नाही, हे मी तिला अगदी वर्गातल्या आवाजात ऐकवलं. बाबा पलंगावरून पाहत होते. त्यांनी डाव्या हाताचं बोट कपाच्या बुडावर ठोकलं. एकदा, दोनदा, मग जोरात. मी म्हणालो, ‘‘पाह्य, त्याइले आणखी पाहिजे!’’ आणि आत जाऊन आणखी अर्धा कप करून आणला. मोजून आणला. बाबांनी तोंड मिटून घेतलं. मी लाडीगोडी लावली, मग थोडा रागावलो, आणि पाजला.

तो अर्धा कप माझ्या छातीवर अजून बसलेला आहे.

चार दिवसांनी ताप भरला. छातीच्या फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग. बाबांच्या नाकात नळी बसली, तोंडानं सगळं बंद. तीच मॅडम आली. घट्ट कशानं केलं, तिनं विचारलं. मी कॉर्नफ्लोर म्हणालो आणि वर मशीनचा आकडाही सांगितला, दशांश चिन्हासकट. तिनं तो लिहूनसुद्धा घेतला नाही.

‘‘चमचा कपात परत जायचा का?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तोंडातला चमचा. लाळ लागलेला.’’

पुढचं मला माहीत होतं. लाळेनं पिष्टाची साखर होते. शाळेत परीक्षानळीत थुंकून, आयोडीन टाकून हा प्रयोग केला होता, आणि त्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते. कॉर्नफ्लोर म्हणजे नुसतं पिष्ट. चमच्याचमच्यानं बाबांची लाळ कपात उतरत होती आणि पाऊण तासात माझा हुबेहूब जुळवलेला घट्टपणा विरघळवत होती. मॅडमची पावडर डिंकासारख्या पदार्थाची होती, ती लाळेला दाद देत नाही. म्हणूनच तिनं ती दिली होती. मी दोन्हींचा आकडा जुळवला आणि फरक फेकून दिला.

तरी मला खात्री करायचीच होती, स्वभाव जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलो, तसाच चहा केला आणि मशीनवर आकडा जुळवला. मग मायच्या समोर बसून तो गचाळ चहा स्वतः चमच्यानं खायला लागलो. खळ खाल्ल्यासारखी चव. हे आपण या माणसाला रोज पाजत होतो, ज्याला दुधातलं पाणी जिभेवर कळत होतं. पाऊण तासानं तळाला घोटभर उरला. औषधांच्या डब्यातून सिरिंज काढली, त्यात भरला, बोट काढलं. सहा सेकंदांत नळी रिकामी. दहा मोजायची वेळच आली नाही.

माय पाहत होती. ‘‘हेच मी तुले सांगून राह्यली होती,’’ एवढंच म्हणाली आणि कप विसळायला घेऊन गेली. तिनं ओरडायला हवं होतं. मी त्याचीच वाट पाहत होतो.

बाबा त्या दिवशी बोट कपाच्या बुडावर का ठोकत होते, तेही तेव्हा समजलं. आयुष्यभर पोत्याच्या बुडाचा दाणा पाहिलेला माणूस मला बुडाचा चहा पाहा म्हणत होता. आणि मी वरून मूठभर घेऊन पाहणारा निघालो.

नाकातली नळी निघायला दीड महिना लागला. मी पुन्हा मागवलेला पावडरीचा डबा तोवर आला होता. मशीन मी त्याआधीच गोधडीत गुंडाळून परत नेलं, कपाटात ठेवलं, मखमल टाकली. ते गेलं होतं हे कॉलेजात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मागच्या महिन्यात पुन्हा समिती आली. एका सदस्यानं कापड उचलून विचारलं, ‘‘वापर होतो का याचा?’’ प्राचार्य पुढे होऊन म्हणाले, ‘‘नियमित, सर.’’ सदस्यानं कागदावर टिक मारली. मी बाजूला उभा होतो, हो म्हणून मान हलवली.

पहिल्या चहाला मॅडमनं परवानगी दिली त्या सकाळी मी डब्यातली पावडर घालून चहा केला. सिरिंजमध्ये भरला, दहा सेकंद मोजले, सहा मिली उरला. बाबांना नळी जवळ नेऊन दाखवली. चमचा ओठाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. मी म्हणालो, ‘‘बाबा, आता बरोबर आहे, घ्या.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मायकडे पाहिलं.

मायनं माझ्या हातातून कप घेतला. आणखी एक चमचा आणला, एक कपासाठी आणि एक तोंडासाठी. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तोंडात. बाबांनी घेतला. अर्धा कप झाल्यावर तिनं थांबून तळाचा चहा सिरिंजमध्ये भरला, बोट काढलं आणि तोंडानं मोजायला लागली, एक, दोन, तीन. बाबांचे ओठही तिच्यासोबत हलत होते. दहाला तिनं बोट लावलं आणि नळी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी नीट पाहिली, मान हलवली आणि पुन्हा तोंड उघडलं.

आता दिवसाला दोन कप होतात. मी कॉलेजातून येतो, हातपाय धुतो, पावडर मोजून चहा करतो, कप मायच्या हातात देतो. ती शेतात किंवा बाजारात गेली असली तर कप तसाच राहतो. माझ्या हातून बाबा अजून चहा घेत नाहीत.