अब्बांच्या नाण्यावरचा हत्ती

उसाच्या भावावरून मी एकदा बिबट्याशी तासभर हुज्जत घातली आणि शेवटी त्यानेच माघार घेतली, असं मी अक्कलकुव्याच्या बाजारात शपथेवर सांगत असतो. माझ्या शब्दाचं वजन सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

पण मला जुन्या नाण्यांचा नाद, म्हणून त्या दुपारी माझा शाळासोबती मला त्याच्या कल्हईच्या दुकानात घेऊन गेला, तेव्हा त्याला थट्टा नको होती. त्याचे अब्बा जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते. उद्या चाळिसाव्याला पाहुणे जमणार होते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात भांड्यांना कल्हई करायला गेलेल्या अब्बांना कधीकाळी तापीच्या वाळूत तांब्याचं एक नाणं सापडलं होतं. त्यावर हत्ती आहे, असं ते जन्मभर सांगत राहिले. नाणं मात्र हातातून सोडत नसत, दुरूनच दाखवत. कुणाला कधी हत्ती दिसला नाही. पाहुणे त्यांना ‘हत्तीवाले’ म्हणून हसत.

“मन्हा अब्बा खोटं बोलेत का, भो? तेवढं पाही दे.”

मी नाणं हातात घेऊन उलटून पाहिलं. एक बाजू रुखवतातल्या तांब्यासारखी लखलखीत!

“चिंच लावली?”

“आनि राख. घासाशिवाय कसं दिसी?”

झिजलेल्या नाण्याचं चित्र उरतं ते खोलगटात बसलेल्या काळपट थरात. ह्याने तेच भांड्यासारखं घासून काढलं होतं. नशीब, दुसरी बाजू अजून काळी होती. मी मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या कडेला आडवा टेकवला. सावल्या उठल्या. पाठीचा उंचवटा, खाली पाय, पुढे सोंड.

‘हत्ती!’ म्हणून मी ओरडणारच होतो, पण शब्द आवरला. उद्या पाहुणे विचारतील, कुणी सांगितलं? त्या बिबट्यावाल्याने? म्हणजे अब्बा मेल्यानंतरही खोटेच ठरायचे.

टॉर्च त्याच्या हातात दिला. “तूच पाह. उजेड हळूहळू फिराव.”

तो बराच वेळ वाकून होता. मग हात थांबला.

“हाई... हाई सोंड शे.”

भट्टीपुढे उभं आयुष्य काढलेला माणूस, धुराचं निमित्तही नसताना डोळे पुसत होता.

“कोन्हा राजानं शे?”

माझ्या जिभेवर तीन राजे सैन्यासकट तयार होते. मी त्यांना गिळलं. “असा हत्ती सातवाहनांच्या नाण्यावर दिसस. पन अक्षरं झिजी गयात. राजा सांगता येत नही. हत्ती पक्का शे.”

त्याने नाणं रुमालात गुंडाळलं.

“अब्बानी राजानं नाव कधी लिधंच नही,” तो म्हणाला. “हत्तीच म्हनेत.”