लागोपाठ पास झालेली किडनी

कासारवाडीच्या प्रभावतीबाईंनी पोटच्या पोराला दोनदा जन्म दिला, असं शेजारणी म्हणायच्या. त्या पोराच्या, संघर्षच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा स्वतःची एक काढून देताना त्या माउलीनं मागंपुढं पाहिलं नाही. उलट डॉक्टरांनाच म्हणाल्या, "दोनातली चांगली असंल ती घ्या."

पुढे दर तपासणीला त्या सोबत जायच्या. तपासायला किडनीचा तुकडा काढायला नको, कापाकापी नको. पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरायचं आणि पडद्यावर रक्ताचा प्रवाह लाल-निळा दिसायचा. शरीर परकी किडनी नाकारू लागलं की तो प्रवाह मंदावतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. "परकी कशी? आईची हाय," एवढीच बाईंची तक्रार. रंग दिसले की त्या खुलायच्या, परतताना रिक्षावाल्यालासुद्धा सांगायच्या.

संघर्ष चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायचा. तिथला नियम असा, की एखाद्या पुरवठादाराचा माल लागोपाठ पास होत गेला की त्याच्या पुढच्या काही खेपा न तपासताच आत घ्यायच्या. त्याला स्किप लॉट म्हणतात. लोखंडाला हा नियम ठीक आहे. या पठ्ठ्यानं तो स्वतःच्या पोटाला लावला.

"आई, आपला माल लागोपाठ पास झालाय. आता स्किप लॉट. उगाच सुट्टी कशाला घालवायची?"

प्रभावतीबाई हसल्या. खरं तर सुखावल्याच. आपली किडनी अव्वल ठरली ना! कान धरायचा, तिथं बाईंनी लाडानं डबा भरून दिला. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं.

पुढं संघर्षचे पाय सुजले, तर उभ्यानं काम केल्याचं निमित्त झालं. ताप आला, लघवी कमी झाली, तेव्हा कुठं दवाखाना आठवला. पडद्यावर यावेळी रंग जवळजवळ नव्हतेच. हे दाखवायला यंत्र कधीचं तयार होतं, त्याच्यासमोर पोटच आलं नव्हतं.

"वेळेवर आला असतात तर औषधं वाढवून किडनी वाचवता आली असती, मावशी," डॉक्टर म्हणाले.

"मग माझी दुसरी घ्या की."

"तुमच्याकडे एकच उरलीय, ती काढता येत नाही," म्हणत डॉक्टरांनी डायलिसिसचा कागद लिहिला.

पुन्हा डायलिसिस सुरू झालं. भिंतीकडं तोंड करून संघर्ष म्हणाला, "आई, तुझी किडनी मी घालवली."

"दिली तवाच ती तुझी झाली," त्या म्हणाल्या. त्याच्या केसांतून हात फिरवताना मात्र त्यांचा बांध फुटला. "तिचं दुःख न्हाई रे बाळा. आता माझ्याकडं तुला द्यायला काहीच उरलं न्हाई."