लाखाला एकविसाने भाग जात नाही

पुण्यात गणित शिकवून मी जन्मभर पोट भरले, पण विद्यार्थी सोडून माझ्याकडे आपणहून शंका घेऊन आलेली माणसे दोनच, आमची बायको आणि घरचे भटजी. दोघेही भांडत आले.

मुलगा लष्कराबरोबर कारकून म्हणून उत्तरेत गेला होता. बऱ्हाणपुराहून त्याचे एक पत्र आले, मग वर्षभर काही नाही. तो सुखरूप यावा म्हणून हिने गणपतीला लाख दूर्वा वाहायचा संकल्प सोडला. रोज हजार दूर्वा, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायच्या, सुट्या उरतील त्या दुसऱ्या दिवशी धरायच्या. दूर्वा मी आणत असे. गावाजवळच्या संपल्यावर पार वारज्याच्या नदीकाठापर्यंत जात असे. त्यापलीकडे माझी अक्कल कोणी मागितली नव्हती.

शंभराव्या दिवशी चार हजार सातशे एकसष्ट जुड्या वाहून झाल्या आणि हिच्या हातात एकोणीस दूर्वा उरल्या. भटजी म्हणाले, एकोणिसाची जुडी होत नाही, आणखी दोन घाला. ही म्हणाली, संकल्प लाखाचा आहे, लाख आणि दोनाचा नाही. मोजण्यात चूक झाली असावी असा भटजींना संशय आला, आणि हिला भटजींचाच आला.

मी सांगितले की चूक कोणाचीच नाही. लाख म्हणजे पाच दहांचा गुणाकार. दोन आणि पाच यांच्या गोतावळ्याबाहेर तो कोणाला दारात उभे करत नाही. एकवीस म्हणजे तीन साते, आणि लाखाला तिनानेही भाग जात नाही, सातानेही नाही. मोजायला खुद्द ब्रह्मदेव बसला तरी एकोणीस उरायचेच.

मग लाखही पुरे आणि जुड्याही पुऱ्या, असे कधी जमेल, हे हिने विचारले. एकवीस लाखांना, त्याआधी नाही, असे मी म्हणालो. गप्प बसवायलाच म्हणालो, खोटे कशाला बोलू. भटजींनी मनातल्या मनात वर्षे मोजली, आपले वय आठवले आणि ते घरी गेले.

ही मात्र हसली नाही, रागावलीही नाही. तिने त्या एकोणीस दूर्वा ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवल्या. तिचा चेहरा शंभर दिवसांत पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लाख पुरे व्हायची तिला धास्ती होती. मलाही होती. पुरे झाल्यावरही तो आला नसता तर आम्ही दोघांनी काय करायचे, हे कोणी बोलले नव्हते.

"अजून साडेपाच वर्षं आहेत म्हणजे," ती म्हणाली. "तेवढ्यात येईल ना हो तो?"

याची रीत मला येत नव्हती. मी होय म्हणालो.